आधी घाट, मग किनारा: सातारा-सांगलीहून कोकणची सहल आखताना

जत, नागज, विटा, कऱ्हाड, पाटण, कोयनानगर, चिपळूण, गुहागर. ही सगळी गावं एकाच रस्त्यावर आहेत. गुहागर–विजापूर रस्ता म्हणतात तो हाच. जतच्या माळावरून निघालेला हा रस्ता कुठेही न वळता शेवटी गुहागरच्या समुद्राला जाऊन थांबतो. तरीही आपल्याकडे समुद्र म्हटलं की लोकांना गोवा नाहीतर अलिबाग आठवतं. खरं तर सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांइतकी कोकणाची सोय फार थोड्यांना आहे. सकाळी लवकर निघालं तर दुपारचं जेवण समुद्राकाठी होतं.

अडचण अंतराची नाही, निवडीची आहे. मोबाइलवर फोटो बघून दहा किनाऱ्यांची यादी करायची, वेळास ते वेंगुर्ला असा नकाशा मांडायचा आणि तीन दिवसांत सगळं उरकायला बघायचं, अशा सहलीत समुद्र गाडीच्या काचेतूनच दिसतो. मी सांगतो ती पद्धत उलटी आहे. आधी घाट ठरवा, मग सोबत कोण आहे ते बघा, मग पंचांग उघडा आणि सगळ्यात शेवटी किनाऱ्याचं नाव लिहा.

घाट ठरला की किनारा निम्मा ठरतो

कोकणपट्टीत दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते. समोर दिसणाऱ्या गावाला जायचं तर खाडीला वळसा घालून पुलापर्यंत जा आणि परत या, नाहीतर फेरीबोट धरा. त्यातून रस्ता सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर चढतो, वाडीत उतरतो, पुन्हा चढतो. किनाऱ्याच्या रस्त्यानं तासाला तीस-पस्तीस किलोमीटर झाले तर पुष्कळ झाले असं धरूनच हिशोब करा. म्हणजे ज्या घाटानं तुम्ही उतरता, त्याच्या तोंडाशी असलेला चाळीस-पन्नास किलोमीटरचा किनाराच तुमचा. त्याच्या पलीकडचा हव्यास या खेपेला सोडून द्या.

आपल्या बाजूनं उतरायच्या मुख्य वाटा अशा.

कुंभार्ली घाट ही कऱ्हाडकरांची आणि पाटणकरांची घरची वाट. साताऱ्याहून येणारे उंब्रजला वळून मल्हारपेठमार्गे पाटणला लागतात, विटा-तासगावकडचे कऱ्हाडवरून येतात. कऱ्हाड ते चिपळूण साधारण शंभर किलोमीटर आणि तिथून गुहागर आणखी पंचेचाळीसच्या आसपास. कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून वाशिष्ठीत उतरतं, चिपळूणवरून जातं आणि दाभोळला समुद्राला मिळतं. घाट उतरताना मुलांना हे जरूर सांगा. आपल्या धरणाचं पाणी आपल्याबरोबर समुद्रावर येतंय म्हटल्यावर त्यांना पुढचा रस्ता वेगळाच दिसतो. या घाटाच्या तोंडाशी गुहागर, वेळणेश्वर आणि हेदवी आहेत.

आंबा घाट सांगली, मिरज, इस्लामपूर, शिराळा या भागाला सोयीचा. सांगलीकर कोल्हापूरवरून मलकापूरला जातात, किंवा पेठ नाक्यावरून शिराळा, कोकरूड करत मलकापूर गाठतात. घाट उतरला की साखरपा, मग हातखंबा. तिथून सरळ गेलं की रत्नागिरी, आणि महामार्गानं थोडं वर जाऊन निवळी फाट्यावरून आत वळलं की गणपतीपुळे. भाट्ये, आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड हे या घाटाचे किनारे. सांगलीहून रत्नागिरी पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात येते. घाटात मोठी वाहनं बरीच असतात, त्यामुळे वेळेचा हिशोब थोडा सैल ठेवा.

गगनबावडा आणि फोंडा हे घाट कोल्हापूरमार्गे. गगनबावड्याहून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट वैभववाडीकडे उतरतात, राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट कणकवलीकडे जातो. देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, तारकर्ली हे सगळं इथून. सातारकरांना हे लांब पडतं. दोन मुक्कामांत मालवण करायचं म्हणजे धावपळ आहे, तीन तरी हवेत. त्याहून दक्षिणेला वेंगुर्ला-शिरोडा करायचं असेल तर निपाणी, आजरा करून आंबोली घाट.

आंबेनळी घाट वाई, सातारा, जावळीकडच्यांसाठी. महाबळेश्वरवरून पोलादपूर, तिथून कशेडी ओलांडून खेड आणि दापोली. मुरूड, कर्दे, लाडघर, हर्णे, आंजर्ले, केळशी हा पट्टा त्याच्या तोंडाशी येतो. घाट अरुंद आहे आणि पावसाळ्यात दरडींचा. ज्यांना वळणांचा त्रास होतो त्यांना महाबळेश्वरची चढण आणि मग ही उतरण एकाच दिवशी झेपत नाही. अशांनी कुंभार्लीनं उतरून चिपळूणवरून दापोली गाठावी. रस्ता लांबतो, पण माणसं ताजी पोचतात.

कोणताही घाट असो, निघायच्या आदल्या दिवशी तो चालू आहे की नाही हे त्या गावातल्या कुणाला तरी फोन करून विचारा. जिथे राहणार आहात त्या घरमालकाला विचारलं तरी चालतं. दुरुस्तीसाठी, दरडीसाठी घाट बंद होतात आणि नकाशा मात्र रस्ता मोकळा दाखवत राहतो. घाटात रेंज जाते, म्हणून त्या भागाचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून ठेवा.

गाडीत कोण बसलंय?

किनारा मुळात चांगला की वाईट असं काही नसतं. कुणासाठी चांगला हे बघायचं.

आजी-आजोबा सोबत असतील तर गाडीतून उतरल्यावर वाळूपर्यंत किती चालावं लागतं हा पहिला प्रश्न. गणपतीपुळ्याला देऊळच समुद्राला लागून आहे, वेळणेश्वराचं आणि कुणकेश्वराचं मंदिरही किनाऱ्यावरच. दर्शन, सावली, बसायला जागा आणि समोर समुद्र हे सगळं एका ठिकाणी मिळतं. गणपतीपुळे, वेळणेश्वर आणि तारकर्लीला पर्यटन महामंडळाची राहण्याची सोयही आहे.

लहान मुलं असतील तर लांब, सपाट पुळण, म्हणजे वाळूचा किनारा हवा. मुलांना समुद्रापेक्षा ओली वाळू जास्त आवडते. गुहागर त्यासाठी मला सगळ्यात उजवं वाटतं. कित्येक किलोमीटर सलग वाळू, मागे सुरूचं बन आणि गाव इतकं जवळ की दुपारी मुलं कंटाळली तर चालत खोलीवर येता येतं. सुट्टीच्या गर्दीतही दहा मिनिटं चाललं की माणसं विरळ होतात. दापोलीकडचे मुरूड आणि कर्देही याच जातीचे. मुरूड हे महर्षी कर्व्यांचं गाव, हे मोठ्या मुलांना सांगण्यासारखं.

महिलांच्या सोयीचा विचार फार थोडे लोक करतात, आणि तो आधी करायला हवा. आडबाजूच्या, निर्मनुष्य किनाऱ्याचे फोटो सुंदर दिसतात. पण तिथे स्वच्छतागृह नसतं, कपडे बदलायला आडोसा नसतो, अंगावरचं खारं पाणी धुवायला गोडं पाणी नसतं. असा किनारा बघायचाच असेल तर मुक्कामापासून पंधरा-वीस मिनिटांच्या आतला निवडा, म्हणजे ओल्या कपड्यांत घाटाघाटानं परतावं लागत नाही.

तरुण मंडळी असतील आणि पाण्यातले खेळ, स्कूबा हवं असेल तर मालवण-तारकर्लीला जा. पाणी तिथे तुलनेनं नितळ असतं, विशेषतः थंडीच्या दिवसांत. मालवणचा चिवला किनारा शांत लाटांचा आहे, तिथे सागरी जलतरण स्पर्धाही होतात. सिंधुदुर्ग किल्ल्याची बोट मालवणच्या धक्क्यावरून सुटते. खेळ कोणताही असो, लाइफ जॅकेट फाटकं, सैल किंवा बिनबकलाचं असेल तर ते अंगावर घेऊ नका आणि त्या बोटीत बसूही नका.

ज्यांना गर्दीच नको त्यांच्यासाठी तोंडवळी, भोगवे, केळशी अशी गावं आहेत. तिथे जेवण सांगून ठेवावं लागतं, एटीएमची खात्री नसते आणि संध्याकाळी सातनंतर करायला काही नसतं. हेच हवं असेल तर यापेक्षा चांगलं काही नाही.

वाळूवर पाय ठेवून किनारा ओळखा

आपल्याकडची पोरं विहिरीत सूर मारत मोठी होतात. कृष्णेचा पूर नसला की पैलतीर गाठणारेही आहेत. हेच पोहणारे समुद्रावर जास्त धोक्यात येतात, कारण विहिरीत पाणी तुम्हाला ओढून नेत नाही. म्हणून हा भाग नीट वाचा आणि गाडीतल्या सगळ्यांना सांगा.

पाण्यात उतरण्याआधी ओल्या वाळूवर अनवाणी चाला. पाय उमटतो पण रुतत नाही, वाळू बारीक आणि घट्ट आहे, सायकल चालवता येईल अशी, तर उतार सौम्य आहे. अशा किनाऱ्यावर लाटा लांब आत फुटतात आणि पायाशी येईपर्यंत नुसता फेस उरतो. याउलट वाळू जाड, भरड असेल, पाय घोट्यापर्यंत खचत असेल आणि लाट अगदी काठाशी येऊन धाडकन आदळत असेल, तर उतार तीव्र आहे. दोन पावलं पुढे टाकली की कमरेएवढं पाणी छातीला लागतं आणि परतणारी लाट पायाखालची वाळू घेऊन जाते. तिथे गुडघ्यापुढे जायचं नाही, मग पोहणारा कितीही तयारीचा असो.

गणपतीपुळ्याचा समुद्र याच कारणानं पोहण्यासाठी बरा नाही. तिथे बुडण्याच्या घटना पुन्हा पुन्हा घडलेल्या आहेत, सूचनांचे फलकही आहेत. देवदर्शन करा, पाय भिजवा, वाळूत बसा. आरे-वारेचंही तसंच. टेकडीवरच्या वळणावरून दोन्ही बाजूंच्या पुळणी एकदम दिसतात ती जागा थांबण्याची आहे, खाली उतरून पाण्यात जाण्याची नाही.

दुसरी खूण ओढीची. लाटा सगळीकडे पांढऱ्या फुटताहेत आणि मध्येच एका पट्ट्यात पाणी गडद, गुळगुळीत, शांत दिसतंय. नवख्या माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते. ती सगळ्यात धोक्याची. किनाऱ्यावर चढलेलं पाणी परत समुद्रात जायला तोच रस्ता धरतं. कुणी त्यात सापडलंच तर काठाकडे तोंड करून झगडायचं नाही, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, डावीकडे किंवा उजवीकडे पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं आणि लाटा फुटताहेत तिथून आत यायचं. जमत नसेल तर नुसतं तरंगत राहायचं आणि हात वर करायचा. काठावरच्यांनी मागोमाग उड्या टाकायच्या नाहीत. दोर, रिकामा कॅन, ट्यूब जे तरंगेल ते फेकायचं आणि कोळी बांधवांना हाक मारायची. ११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि १०८ रुग्णवाहिकेचा, सगळ्यांच्या तोंडात असू दे.

खाडीच्या मुखाशी ओहोटीला पाण्यात जाऊ नका. रत्नागिरीला भाट्याच्या खाडीचं तोंड, देवबागला कर्ली नदीचा संगम, आंजर्ल्याची खाडी, या सगळ्या जागा दिसायला उथळ आणि निवांत असतात. ओहोटी लागली की अख्ख्या खाडीचं पाणी तिथून बाहेर पडतं. आणि दारू पिऊन पाण्यात कुणीही उतरायचं नाही. यावर गाडीत चर्चा नको.

तिथीवरून वेळ काढा

भरती-ओहोटीचं गणित कळलं की तोच किनारा दुप्पट आनंद देतो. दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, मधलं अंतर सहा तासांहून थोडं जास्त, आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा पाऊण-एक तासानं पुढे सरकते. कोकणात जुनी माणसं यासाठी पाऊणकी वापरतात. जी तिथी असेल तिची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमाराला भरती, आणि सकाळी-रात्री नऊला ओहोटी. अष्टमीला आठ पाऊण सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. शुद्ध असो वा वद्य, तिथी एक ते पंधरा अशीच मोजायची. हा हिशोब तासभर इकडे-तिकडे होऊ शकतो. त्यामुळे नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यावरून किंवा गावातल्या माणसाकडून घ्या, पण सहलीची तारीख ठरवायला पाऊणकी पुरेशी आहे.

आता हे कामाला कसं लावायचं ते बघा. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास भरती दुपारच्या सुमाराला येते, म्हणजे ओहोटी संध्याकाळी पाच-साडेपाचला. त्या दिवसांत उधाण असतं, पाणी जितकं जास्त चढतं तितकंच लांब मागे जातं. त्यामुळे सूर्यास्ताच्या वेळी पुळण सगळ्यात रुंद असते, ओल्या वाळूत आभाळ दिसतं, मुलांना क्रिकेटला मैदान मिळतं आणि आजीला घट्ट वाळूवरून चालता येतं. अष्टमीच्या आसपास हेच उलटं होतं. संध्याकाळी सहाला पाणी भरलेलं, वाळूची पट्टी अरुंद, पण त्या दिवसांत भांग, म्हणजे उधाणाच्या उलट लहान भरती-ओहोटी असल्यानं पाण्याचा जोर कमी. मला विचाराल तर संध्याकाळचं फिरणं हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे त्यांनी पौर्णिमा किंवा अमावास्येला लागून येणारा शनिवार-रविवार पकडावा.

हेदवीची बामणघळ मात्र भरतीलाच बघायची. किनाऱ्याच्या कातळात एक अरुंद, खोल भेग आहे. भरतीची लाट तिच्यात घुसते, पुढे जायला जागा नसते, मग पाणी वर उसळतं. आधी घळीच्या तळातून गडगडल्यासारखा आवाज येतो, क्षणभर काहीच होत नाही आणि मग एकदम पांढरा लोट उभा राहतो. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसते आणि लोक नाराज होऊन परततात. उधाणाच्या दिवशी दुपारच्या भरतीला जा, पण कडेपासून चांगलं मागे उभे राहा. तिथला कातळ ओला आणि शेवाळलेला असतो, आणि प्रत्येक लाट सारखी नसते. सेल्फीसाठी कडेला जाणाऱ्याला हात धरून मागे आणा.

गाडी वाळूवर घेऊन जायची नाही. ओहोटीला घट्ट वाटणारी वाळू चाक थांबलं की खचते, आणि भरती कुणासाठी थांबत नाही. शिवाय पायी फिरणारी माणसं, खेळणारी मुलं आणि कासवांची घरटी तिथेच असतात.

कोणत्या महिन्यात जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. हवा गार, पाणी शांत, घाट मोकळे. फक्त नाताळ ते ३१ डिसेंबर टाळा, त्या आठवड्यात खोल्यांचे दर आणि रस्त्यावरची गर्दी दोन्ही हाताबाहेर जातात. थंडीत सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो, मे अखेरीस सातच्या. त्या हिशोबानं दुपारचा प्रवास आखा.

फेब्रुवारी अखेर ते एप्रिल कासवांचे दिवस. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी रात्री वाळूत अंडी घालून जातात, आणि साधारण दीड-पावणेदोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं आणि गावकऱ्यांनी मिळून या संवर्धनाला सुरुवात केली, आता इतरही किनाऱ्यांवर हे काम चालतं. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात. पिल्लं दिसतीलच याची हमी कुणी देऊ शकत नाही, म्हणून एक रात्र तरी मुक्काम हवा. दोरीच्या आत जायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही, पिल्लाला हात लावायचा नाही. ते इवलंसं पिल्लू ओल्या वाळूवर थांबतं, मान वर करतं, पुन्हा चालू लागतं. लाट त्याला दोनदा मागे ढकलते आणि तिसऱ्यांदा घेऊन जाते. मुलांना एकदा तरी दाखवाच.

मे महिन्यात उकाडा फार, पण आंबा-फणस आणि शाळेला सुट्टी. दुपारी अकरा ते चार खोलीत किंवा झाडाखाली काढायची तयारी असेल तरच या. जून-जुलैत मासेमारी बंद असते, किल्ल्यांच्या बोटी आणि पाण्यातले खेळ थांबतात, समुद्र खवळलेला. हिरवं कोकण बघायला जरूर जा, पण किनाऱ्यावर लांबून समुद्र बघण्यापलीकडे काही करू नका आणि मुसळधार पावसात घाट टाळा.

काही दिवस नीट लक्षात ठेवा. गणपतीत चाकरमानी घरी येतात, महामार्ग भरलेला असतो आणि घरगुती मुक्कामाच्या खोल्यांत घरचीच माणसं असतात. अंगारकीला गणपतीपुळे, महाशिवरात्रीला कुणकेश्वर आणि आंगणेवाडीच्या जत्रेला मालवण परिसर गजबजतो. यात्रेसाठी जायचं असेल तर गोष्ट वेगळी, निवांतपणासाठी हे दिवस नव्हेत.

एका घाटानं उतरा, दुसऱ्यानं चढा

आल्या वाटेनं परतणं मला आवडत नाही. तीन मुक्काम मिळत असतील तर सांगलीकरांसाठी ही आखणी चांगली बसते. पहिल्या दिवशी पहाटे पाचला निघून आंबा घाटानं रत्नागिरी. दुपारी विश्रांती, संध्याकाळी भाट्याची पुळण. दुसऱ्या दिवशी सकाळी आरे-वारेच्या किनाऱ्याच्या रस्त्यानं गणपतीपुळे, दर्शन, मग शेजारच्या मालगुंडला केशवसुतांचं जन्मस्थान आणि स्मारक. मुक्काम तिथेच. तिसऱ्या दिवशी जयगड किल्ला बघून जयगडच्या धक्क्यावरून फेरीबोटीनं गाडीसकट तवसाळला उतरायचं. रस्त्यानं खाडीला वळसा घालण्यात जो वेळ जातो तो वाचतो, आणि गाडीतून उतरून बोटीच्या कठड्याशी उभं राहायला मिळतं ते वेगळंच. तिथून हेदवी, दशभुजा गणेश, भरतीची वेळ जुळत असेल तर बामणघळ, पुढे वेळणेश्वर आणि मुक्कामाला गुहागर. चौथ्या दिवशी सकाळची पुळण, व्याडेश्वराचं दर्शन, आणि चिपळूणवरून कुंभार्ली चढून कऱ्हाड.

कऱ्हाड-साताऱ्याच्या मंडळींनी दोनच मुक्काम असतील तर गुहागर सोडून कुठेही जाऊ नये. एकाच खोलीत दोन रात्री, एक दिवस हेदवी-वेळणेश्वर. एवढंच. तीन मुक्काम असतील तर दापोली धरा: आंबेनळीनं उतरून मुरूड किंवा कर्द्याला राहायचं. हर्णे बंदरावर मासळीचा लिलाव आणि समोर सुवर्णदुर्ग, आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती, लाडघर. शेवटच्या दिवशी दाभोळ–धोपावे फेरीबोटीनं गुहागरच्या बाजूला यायचं आणि कुंभार्लीनं घरी.

फेरीबोटीची पहिली आणि शेवटची फेरी किती वाजता ते आदल्या दिवशी विचारून ठेवा. सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर गाड्यांची रांग लागते, अर्धा तास आधी पोचा. गाडी चढवताना बोटीवरचा माणूस सांगेल तसंच करा, हँडब्रेक ओढून पहिल्या गिअरमध्ये ठेवा.

राहणं, जेवण आणि गाडी

सांगलीकरांची वरची आखणी सोडली तर मुक्काम दोन ठिकाणांहून जास्त करू नका. रोज बॅगा भरण्यात सकाळ जाते, आणि समुद्राची सकाळ हीच खरी. घरगुती खोली घेताना चार गोष्टी फोनवरच विचारा: किनारा चालत किती मिनिटं, गाडी अंगणात लागते का, बाहेर अंग धुवायला नळ आहे का, आणि जेवण घरचं मिळेल का. जेवण सकाळीच सांगून ठेवायचं असतं. दुपारी दोनला जाऊन ‘काय आहे?’ विचारलं तर तांदळाची भाकरी आणि सोलकढीही मिळणार नाही. आपल्याकडच्यांना तिखटाची सवय, तिथलं जेवण खोबऱ्याचं. पहिला घास घेऊन लगेच ठेचा मागू नका. मासे खाणाऱ्यांनी मेनूकार्डापेक्षा आज काय आलंय ते विचारावं. बांगडा ताजा असेल तर शिळ्या पापलेटापेक्षा तोच घ्यावा. गुहागर, हेदवी, वेळणेश्वर या पट्ट्यात शाकाहारी जेवण आणि उकडीचे मोदक उत्तम मिळतात, फक्त मोदक आदल्या दिवशी सांगा.

पेट्रोल-डिझेल घाटाआधी भरा: कऱ्हाड, पाटण, मलकापूर, कोल्हापूर. खाली चिपळूण, रत्नागिरी, कणकवली सोडली की पंप लांब लांब आहेत. निघण्यापूर्वी ब्रेक, टायर आणि कूलंट तपासा. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापून लागेनासा होतो. वळणावर चढणाऱ्या गाडीला वाट द्या. आत गाडी लागणाऱ्यांना रिकाम्या पोटी बसवू नका आणि भरल्या पोटीही नको, भाकरतुकडा खाऊन अर्ध्या तासानं घाटाला लागा.

रोख पैसे जवळ ठेवा. ऑनलाइन पैसे सगळीकडे चालतात, पण रेंज असेल तर. दोन जास्तीचे टॉवेल, जुनी चादर, गोड्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन, कचऱ्यासाठी एक पिशवी गाडीत असू दे. आपण नेलेली वेफर्सची पाकिटं आणि बाटल्या आपणच परत आणायच्या, किनाऱ्यावर उचलायला कुणी नसतं.

परतीच्या दिवशी दुपारी बारापर्यंत किनारा सोडा. घाट उजेडात चढला पाहिजे, विशेषतः थंडीत, कारण संध्याकाळी धुकं उतरतं आणि त्याच वेळी मालाच्या गाड्या सुरू होतात. घरी पोचल्यावर पहिल्या दोन दिवसांत गाडी खालून गोड्या पाण्यानं धुऊन घ्या. खारी हवा आणि वाळू चाकांच्या आतल्या कमानीत आणि सायलेन्सरभोवती बसते आणि पत्रा गंजवते, म्हणून सर्व्हिसिंगवाल्याला तिथे पाणी मारायला आवर्जून सांगा.